सोलापूरच्या उन्हात शाळेचा डबा: फॉइल आणि पुडे टाळून काय द्यावं, कसं द्यावं?

होटगीरोड
मुलगी दुसरीत आहे. डबा सकाळी ८ ला भरला जातो. छोटी सुट्टी ११ ला, १० मिनिटं. मोठी दीडला, २५ मिनिटं. फॉइल, टिश्यू, बिस्किटांचे पुडे, सॉसच्या पुड्या, खोक्यातले ज्यूस हे सगळं बंद करायचं ठरवलंय. अडचण अशी की भाकरी फडक्यात गुंडाळली तर दीडपर्यंत वातड होते आणि डब्यात बंद केली तर घाम सुटून खालची बाजू ओली. मार्च-एप्रिलमध्ये भाजी आंबते ते वेगळंच. डबा स्टीलचा घ्यावा का, कुठला, हेही सांगा. इंटरनेटवरच्या याद्यांमधली ब्रोकोली आणि हमस कृपया नको. मंगळवार बाजारात मिळेल असंच सांगा.

सातरस्ता
भाकरी, शेंगाचटणी, कांदा. धागा संपला.

तिखटमीठ
संपतोय कसला, अजून तवा तापायचाय. आणि वर्गात कच्चा कांदा दिलात तर शेजारचं पोर बाक बदलून मागेल.

उकडवाली
भाकरीचं आधी बघू, कारण मूळ प्रश्न तोच आहे.

ज्वारीत गहू-पिठासारखा चिकटपणा धरून ठेवणारं ग्लुटेन नसतं. भाकरी एकत्र राहते ती शिजलेल्या स्टार्चवर, आणि गार होताना हाच स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो. म्हणून सकाळची मऊ भाकरी दुपारी वातड. यावर उपाय म्हणजे थापण्याआधीच पीठ जास्तीत जास्त शिजवून घ्यायचं. एक वाटी पाण्याला खळखळून उकळी आणा, मीठ, चमचाभर तेल, गॅस बंद, एक वाटी पीठ एकदम टाका, उलथन्याच्या दांड्याने ढवळून झाकण ठेवा. पाच-सात मिनिटांनी परातीत काढून तळव्याने चांगलं रगडून मळा. नुसतं गोळा करून भागत नाही, कडेला चिरा पडणं थांबेपर्यंत मळायचं. वाटीभर ज्वारीला एक चमचा उडदाचं पीठ घातलं तर आणखी मऊ.

पीठ ताजं हवं. दळून पंधरा-वीस दिवस झाले, त्यातून उन्हाळा असला, की पिठाची विरी (चिकटून राहण्याची ताकद) जाते. मग कितीही उकड काढा, भाकरी तुटणारच. दोन किलोच्या वर एकदम दळू नका. मालदांडी ज्वारी मिळाली तर उत्तम.

भाजल्यावर भाकरी जाळीवर किंवा उलट्या चाळणीवर दोन्ही बाजूंनी मिळून पाच मिनिटं. हात लावला तर कोमट लागली पाहिजे, गरम नाही. मग पातळ सुती फडक्यात गुंडाळून फडक्यासकट डब्यात. नुसतं फडकं नको, नुसता डबाही नको. फडकं घाम पितं, डबा ओल धरून ठेवतो.

पंचा_आणि_टॉवेल
फडक्याबद्दल थोडं. सोलापूर म्हटलं की लोक टेरी नॅपकिनचे कटपीस घेतात. भाकरीला टेरी नको. त्याच्या फासांत कण अडकतात, तेल बसतं आणि धुऊनही वास राहतो. टेरी बाटलीभोवती गुंडाळायला आणि हात पुसायला ठीक. भाकरीला साध्या विणीचं, पंच्याचं किंवा जुन्या धोतराचं कापड घ्या, साधारण ३० बाय ३० सेंटिमीटर, कडा दुमडून शिवलेल्या. कापड नवं असेल तर त्याला खळ असते. गरम पाण्यात रात्रभर भिजवून दोनदा चोळून धुतल्याशिवाय अन्नाला लावायचं नाही, नाहीतर ते घाम शोषतच नाही आणि तुम्ही म्हणाल फडकं कामाचं नाही. सहा तुकडे ठेवा. रोज धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं. आणि वासाचं फॅब्रिक कंडिशनर लावू नका, त्यानेही शोषणं कमी होतं.

पेठेतली
आमच्याकडची मोठी माणसं सरळ पेपरात गुंडाळतात. तेही कचरा वाचवणंच की.

गणित_मास्तर
पेपर नको, पेठेतली ताई. छपाईची शाई तेलात उतरते. वर्तमानपत्रात अन्न गुंडाळू नका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) जाहीरपणे सांगितलेलं आहे. धपाट्यावर अक्षरं उमटलेली दिसतात तीच ही शाई.

सातरस्ता
म्हणजे पोरगं बातम्या वाचत खाणार नाही तर. बरं.

भांडीगल्ली
डब्याचं सांगतो. बाजारात दोन प्रकारचं स्टील जास्त येतं. एक ३०४, त्यावर कधी १८/८ असंही कोरलेलं असतं, म्हणजे अंदाजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. दुसरं २०२, त्यात निकेल कमी आणि त्याऐवजी मँगनीज. नवं असताना दोन्ही सारखंच चमकतं. फरक मिठाच्या, आंबट पदार्थांच्या रोजच्या माऱ्याने कळतो. २०२ ला सांध्यापाशी आणि क्लिपच्या बिजागरीजवळ तांबूस ठिपके येतात.

लोहचुंबक लावून बघा म्हणतात, तो सल्ला अर्धवट आहे. ३०४ आणि २०२ दोन्हीला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. चुंबकाने फक्त ४०० मालिकेतलं, म्हणजे निकेल जवळजवळ नसलेलं स्टील वेगळं कळतं. तेव्हा तळाचा शिक्का बघा, बिलावर ग्रेड लिहून घ्या.

ग्रेडपेक्षा महत्त्वाचं म्हणजे झाकण. दुकानातच मुलाच्या हातात द्या आणि उघडायला सांगा. चार क्लिपांचा डबा सहा-सात वर्षांच्या बोटांना जड जातो. गरम अन्न भरून लगेच झाकण दाबलं की आतली हवा गार होताना आकसते आणि झाकण आत ओढलं जातं. मग बाईंनाही उघडत नाही. गार करून भरा, किंवा झाकण लावल्यावर एका बाजूची क्लिप दोन मिनिटं सैल ठेवा.

पितळी
पितळेचा जुना डबा कल्हई करून वापरला तर? वर्षानुवर्षं टिकतो, कचरा शून्य.

भांडीगल्ली
कल्हई शाबूत असेल तोवर ठीक. झिजली आणि आत दही, चिंच, टोमॅटो गेला की तांबं-जस्त अन्नात उतरतं, मळमळ-उलटी होऊ शकते. मुलं डबा चमच्याने खरवडतात, कल्हई लवकर जाते. तांब्याच्या बाटलीचंही तेच. तीत फक्त पाणी. लिंबू सरबत, ताक, कोकम अजिबात नाही.

वजनही धरा. स्कूल बॅग धोरण २०२० प्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत हवं. दुसरीतलं मूल २०-२२ किलोचं, म्हणजे सगळं मिळून दोन-सव्वादोन किलो. जाड पत्र्याचा दोन मजली डबा आणि भरलेली मोठी बाटली यांनीच निम्मं संपतं. एकमजली, मध्ये सुटी पट्टी असलेला चपटा डबा बरा, आणि शाळेत पाणी भरून घेता येत असेल तर अर्ध्या लिटरची बाटली पुरे.

दवाखानावाली
शिळ्या भाताबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी देऊन डब्यात, हा प्रकार उन्हाळ्यात बंद करा. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की त्यांची वाढ होते, आणि उलट्या करणारं त्यांचं विष फोडणीच्या उष्णतेनेही जात नाही. भात उरलाच तर पसरट ताटलीत गार करून तासाभरात फ्रिजमध्ये.

सर्वसाधारण नियम: ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंना मानवणारा टप्पा. शिजलेलं ओलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास धरतात. आपल्याकडे मार्चच्या दुपारी वर्गात ३२ म्हणजे थंडावाच! तेव्हा ८ ला भरून दीडला खायचा डबा हा कोरडा, आंबट किंवा खारट असला पाहिजे. रस्सा, ओलं खोबरं, पनीर, उकडलेला बटाटा घातलेलं सँडविच हे दीडच्या डब्यात नको. ११ च्या सुट्टीपर्यंतही तीन तास होतात, तेव्हा तिथेही नको.

तिखटमीठ
मग थर्मासचा डबा?

दवाखानावाली
चालतो, पण नीट वापरला तर. आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवायचं, ओतायचं, लगेच वाफाळतं अन्न काठोकाठ भरायचं. अर्धा भरला किंवा कोमट भरला तर तो नेमकं ते घातक तापमान तासन्‌तास जपून ठेवतो. त्यापेक्षा साधा डबा परवडला.

अशोकचौक
आमच्या पूर्व भागात यावर जुना तोडगा आहे, पुलिहोरा. चिंचेचा कोळ आटवून तेल सुटेपर्यंत शिजवायचा, त्यात हळद, मोहरी, कढीपत्ता, शेंगदाणे, हरभराडाळ, सुक्या मिरच्या. हा घोळ फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. सकाळी ताजा मोकळा भात ताटात पसरून गार करायचा, दोन वाट्या भाताला दीड-दोन चमचे घोळ. चिंचेच्या आंबटपणामुळे साध्या भातापेक्षा जास्त तग धरतो. मात्र हा फॉइलमध्ये कधीच नाही. चिंच, लिंबू, टोमॅटो आणि मीठ ॲल्युमिनियमला खातात. फॉइलला टाचणीएवढी भोकं पडलेली दिसतील, ती धातू भातात गेल्याची खूण.

दुसरा दहीभात. दही आयतं घालून दिलं तर दीडला आंबट ढाण होतो. भात मऊ शिजवून गरम असतानाच घोटायचा, कोमट झाला की वाटीभर भाताला पाऊण वाटी उकळून कोमट केलेलं दूध आणि एक छोटा चमचा दही. डब्यातच विरजण लागतं. एप्रिलमध्ये दही अर्धाच चमचा, कारण उन्हाने लवकर लागतं. भात दूध पितो म्हणून सकाळी जरा पातळच दिसला पाहिजे, नाहीतर दुपारी गोळा. फोडणी गार करून वरून घाला.

होटगीरोड
अशोकचौक, हे फार कामाचं. दहीभात आजवर उलटाच होत होता म्हणायचा.

हुरडाप्रेमी
विषय निघालाय तर शेंगाचटणी मिक्सरमध्ये करणाऱ्यांचा निषेध नोंदवून घ्या.

सातरस्ता
+१. उखळ किंवा खलबत्ता, तिसरा पर्याय नाही.

तिखटमीठ
सकाळी सहाला खालच्या मजल्यावरचे येऊन विचारतील, काय चाललंय वर म्हणून. मिक्सरमध्येही होते. पात्याच्या उष्णतेने दाणे लगेच तेल सोडून लोणी होतं, म्हणून एक-दोन सेकंदांचे झटके द्यायचे, मध्ये भांडं हलवायचं. दाणे मंद आचेवर खरपूस भाजून पूर्ण गार झालेले हवेत. मोठी वाटीभर दाण्यांना ६-७ लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, मीठ, आणि मुलांसाठी तिखट अर्धा-पाऊण चमचाच. लसूण घातलेली चटणी उन्हाळ्यात आठवड्याच्या वर ठेवू नका. जास्त टिकवायची तर लसूण आधी तेलावर कोरडी होईपर्यंत परतून घ्या.

दवाखानावाली
दाणे निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट, बुरशी दिसणारे, कडू लागणारे सरळ टाकायचे, त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजून पूर्ण जात नाही. तिथे कचरा वाचवायला जाऊ नका. चार वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे नकोत, ठसका लागून श्वासनलिकेत अडकतात. बालवाडीत कूटच. आणि वर्गात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे बाईंना एकदा विचारून ठेवा.

उरलंसुरलं
धागा छान चाललाय, पण एका गोष्टीला बगल दिली जातेय. होटगीरोड यांची यादी बघा: फॉइल, टिश्यू, पुड्या. ही सगळी आवरणं. डब्यातला सगळ्यात मोठा कचरा हा परत आलेलं अन्न असतो. फॉइलचा तुकडा काही ग्रॅमचा. अर्धी भाकरी आणि भाजी रोज परत आली तर शंभर ग्रॅमच्या घरात जाते, आणि त्यामागचं पाणी, गॅस, तुमची पहाट वेगळीच.

दोन आठवडे एवढंच करा. डबा परत आल्यावर काय उरलं ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एका शब्दात लिहा. 'भाजी', 'कडा', 'सगळं', 'काही नाही'. रागावायचं नाही, विचारायचंही नाही. नुसतं लिहायचं. 'कडा' वारंवार येत असेल तर भाकरी जाड आहे. शुक्रवारी 'सगळं' येत असेल तर त्या दिवशी खेळाचा तास सुट्टीला लागून आहे का बघा.

गणित_मास्तर
सहमत. आणि प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर सरकारी पोषण आहाराचं (पीएम पोषण) माप घ्या. पहिली ते पाचवीसाठी एका जेवणात १०० ग्रॅम धान्य, ४५० किलोकॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. आपण दोन सुट्ट्यांत मिळून एवढं दिलं की झालं. ज्वारीत १०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, शेंगदाण्यात २५ च्या आसपास. म्हणजे ८० ग्रॅम पिठाची भाकरी आणि दोन मोठे चमचे चटणी यातच १२ चा आकडा ओलांडला जातो.

मात्र सातरस्ता यांना संपलेला वाटणारा धागा इथे पुन्हा उघडतो. ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी, शेंगदाण्यातही फारसं नाही. ते डाळीत, मटकीत, दुधा-दह्यात आहे. म्हणून आठवड्यातून तीन-चार दिवस डब्यात मटकी, हरभरा किंवा बेसन यावं. आणि लिंबाची फोड किंवा पेरू असला की धान्यातलं लोह जास्त अंगी लागतं.

सातरस्ता
मान्य, मास्तर. लायसिनपुढे हात टेकले.

जुळेसोलापूरकर
शाळेच्या गेटवरचं काय? डबा तसाच परत येतो कारण बाहेर चटपटीत मिळतं.

गणित_मास्तर
एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांत शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला मनाई आहे. पालकसभेत मुद्दा मांडता येतो. पण तो वेगळा धागा करा, इथे भरकटेल.

पेठेतली
जाता जाता, डबे धुवायचं काय? पाणी रोज येत नाही आपल्याकडे. कचरा वाचवायचा आणि पाणी घालवायचं याला अर्थ नाही.

उरलंसुरलं
डबा घरी आल्या आल्या उघडा, तेल सुकू देऊ नका. उरलेल्या भाकरीच्या तुकड्याने तेल पुसून घ्या, मग चमचाभर बेसन किंवा कोरडी राख लावून चोळा. नंतर साबण नखभर आणि पाणी दोन तांबे पुरतं. झाकणाचं रबर रोज काढायचं. त्याच्या खाचेत अन्न अडकतं आणि डब्याला वास येतो तो बहुतेक तिथूनच. आठवड्यातून एकदा पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा आणि सावलीत नीट कोरडं करून बसवा.

उकडवाली
आता पुन्हा मूळ प्रश्नावर. दुसरीतलं मूल म्हणजे सहा ते आठ वर्षांचं. पुढचे दुधाचे दात पडलेले किंवा हलतायत. ते पुढच्या दातांनी तोडूच शकत नाही! अख्खं सफरचंद, पेरू, जाड भाकरी, कडक भाकरी परत येण्याचं हेच कारण असतं, आणि आपण म्हणतो पोर नखरे करतं. शिवाय २५ मिनिटांतली दहा हात धुण्यात आणि जागा पकडण्यात जातात.

म्हणून घडी घातलेली मोठी भाकरी देऊ नका. धपाटी द्या, तीही डब्याच्या मापाची. ज्वारीचं पीठ दोन वाट्या, बेसन अर्धी, कणीक पाव, बारीक चिरलेली मेथी वाटीभर, तीळ, हळद, मीठ, जिरं, दोन चमचे दही. लागेल तसं कोमट पाणी. मेथीला मीठ लावून ठेवू नका, पाणी सुटून पीठ सैल होतं. ओल्या फडक्यावर पातळ थापा आणि नऊ-दहा सेंटिमीटरच्या वाटीने गोल पाडा. कडा उरल्या की पुन्हा गोळ्यात. मध्ये बोटाने भोक, तेल सोडा, झाकण ठेवून दोन मिनिटं, उलटवून झाकण न ठेवता दीड मिनिट. दही आणि बेसनामुळे ही दीडपर्यंत लवचिक राहतात आणि दोन घासांत संपतात. आधी म्हटलं तशी जाळीवर गार करायचीच.

साधी भाकरीच आवडत असेल तर ती गरम असतानाच कुस्करून, तूप आणि चटणी लावून मुठीएवढे लाडू वळा. फडकंही लागत नाही.

हुरडाप्रेमी
११ च्या सुट्टीला डाळिंबाचे दाणे. सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाला तोटा नाही, दाणे काळे पडत नाहीत, चावायला मागचे दात पुरतात आणि हात चिकट होत नाहीत. छोटा चमचा विसरू नका. काकडी दिली तर मीठ लावू नका, पाणी सुटतं. थंडीत शेंगाची पोळी: दाण्याचं कूट एक वाटी, चिरलेला गूळ पाऊण, तीळ, वेलची. सारण कोरडं असल्याने दोन-तीन दिवस सहज राहते. गूळ जास्त झाला तर तव्यावर फुटून बाहेर येतो आणि जळतो.

अशोकचौक
केळं द्यायचं तर सालासकट आणि डब्याबाहेर. बंद डब्यात उन्हाने काळं पडतं आणि शेजारच्या सगळ्याला त्याचा वास लागतो.

होटगीरोड
सगळ्यांचे आभार. सोमवारपासून मापाची धपाटी आणि दहीभात आलटून पालटून, कॅलेंडरवर नोंद सुरू. भांडीगल्ली दादा, एक शेवटचं. घरात एक चांगला ३०४ चा डबा आहे, पण झाकणाचं रबर सैल होऊन तेल गळतं. रबर वेगळं मिळतं का, की डबाच बदलावा?

भांडीगल्ली
डबा बदलू नका. आधी रबर उलटं बसवून बघा. एक कड जास्त दबलेली असते, कधीकधी तेवढ्यानेच गळती थांबते. नाही थांबली तर झाकण सोबत घेऊन भांड्याच्या दुकानात जा. नुसत्या रबरावरून माप घेऊ नका, ते ताणलेलं असतं. झाकणाच्या खाचेत बसवून, वर पाणी भरून, उलटं धरून तपासा आणि मगच पैसे द्या. पांढरं किंवा पारदर्शक सिलिकॉनचं मागा. काळं मिळालं तर प्रेशर कुकरचं कापून दिलेलं असायची शक्यता आहे, ते घेऊ नका.